अभियंत्याची दुसरी शाळा

गेल्या वर्षी भाऊबीजेला बहिणीकडे गेलो होतो. ओवाळून झाले, फराळाची ताटे पुढे आली, आणि भाच्याने हळूच सांगितले, "मामा, मी नोकरी सोडतोय. एम. बी. ए. करणार."

चार वर्षे यांत्रिकीचा अभ्यास, त्यावर तीन वर्षे कारखान्यातली बरी नोकरी, आणि आता हे! भाऊजींच्या हातातली चकली हातातच राहिली. "दुकानदारीच शिकायची होती तर इंजिनिअर कशाला झालास? माझा प्रॉव्हिडंट फंड तरी वाचला असता!" बहीण माझ्याकडे पाहू लागली. मी जन्मभर कारखान्यात घालवलेला अभियंता. तेव्हा निवाडा मी करावा, हे ओघानेच आले.

त्या दिवशी "बघू" म्हणून मी सुटका करून घेतली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. त्याचे उत्तर शोधताना माझ्याच पेशाचा इतिहास उलगडत गेला. तोच आज वाचकांपुढे ठेवतो.

अभियंत्याने हिशेबाची वही उघडावी, हे खूळ आजचे नव्हे. १८८६ च्या मे महिन्यात शिकागो येथे अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेची सभा भरली होती. तीत हेन्री टाउन नावाच्या गृहस्थाने एक निबंध वाचला. हा कुलपे बनविणाऱ्या कारखान्याचा चालक, आणि स्वतः अभियंता. त्याचे म्हणणे साधे होते. अभियंता फूट, पौंड आणि मिनिटे मोजतो. पण त्याच्या आकड्यांशी डॉलरही तितकाच जोडलेला असतो. मग कारखाना चालविण्याच्या विद्येला अभियांत्रिकीइतकेच महत्त्व का नसावे? एका कारखान्याचा अनुभव दुसऱ्याला कळावा असे ना मासिक, ना मंडळ! ते काम आपल्या संस्थेनेच हाती घ्यावे, असे त्याने सुचविले.

हा विचार त्याच काळात का सुचावा? पूर्वी कारखाना लहान असे. मालक स्वतः भट्टीशेजारी उभा राही. कोणता माल किती पडला, हे त्याला तोंडपाठ असे. आगगाडी आणि पोलाद यांनी हे चित्र पालटले. कामगार शेकड्यांनी वाढले, मालक कचेरीत गेला, आणि भट्टी व वही यांच्यामध्ये भिंत उभी राहिली. त्या भिंतीला दार पाडणारा माणूस हवा होता.

ते दार पाडायला पुढे आला फ्रेडरिक टेलर. फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात १८७८ साली तो साधा कामगार म्हणून लागला आणि नोकरी सांभाळून १८८३ साली यांत्रिकीचा पदवीधर झाला. पुढे बेथलहेमच्या पोलाद कारखान्यात त्याने फावड्यासारख्या क्षुद्र गोष्टीचा अभ्यास केला! दर खेपेला फावड्यावर सुमारे २१ पौंड भार असला तर मजुराच्या हातून दिवसाचे काम सर्वांत जास्त होते, असे त्याला आढळले. म्हणून जड खनिजाला लहान फावडे, हलक्या राखेला मोठे. त्याच्याच सांगण्याप्रमाणे, चारशे ते सहाशे मजुरांचे काम १४० जणांत होऊ लागले आणि रोजची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८८ वर गेली.

पण उरलेल्या मजुरांचे काय? हा प्रश्न फावड्याच्या गणितात बसत नव्हता. १९११ साली वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात टेलरची पद्धत आणताच, घड्याळ घेऊन मागे उभ्या राहणाऱ्या साहेबाविरुद्ध ओतकामाच्या कामगारांनी संप केला. प्रकरण अमेरिकन काँग्रेसच्या चौकशी समितीपर्यंत पोचले. घड्याळाने वेळ मोजला होता, माणूस मोजला नव्हता.

दरम्यान या विद्येच्या शाळा निघू लागल्या होत्या. डार्टमथची १९०० साली, हार्वर्डची १९०८ साली. हार्वर्डमध्ये तर टेलर स्वतः व्याख्याने देई. मॅसॅच्युसेट्सच्या प्रसिद्ध तंत्रशाळेने, म्हणजे एम. आय. टी. ने, १९१४ साली अभियांत्रिकी प्रशासनाचा अभ्यासक्रम सुरू केला. त्याच तंत्रशाळेचा १८९५ चा विद्युत् शाखेचा पदवीधर आल्फ्रेड स्लोन १९२३ मध्ये जनरल मोटर्सचा अध्यक्ष झाला. पुढे त्याच्या नावाच्या निधीच्या देणगीतून १९५२ साली तिथे व्यवस्थापनाची स्वतंत्र शाळा उभी राहिली.

आपल्याकडे? आपल्याकडे ही विद्या आधी ठेच लागून आली. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिकविणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावला गेले आणि लोखंडी नांगर करू लागले. नांगर उत्तम, पण लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत! तो खपू लागेपर्यंत दोन वर्षे गेली. नांगर घडविणे एक, शेतकऱ्याच्या मनात तो उतरविणे दुसरे. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. १९२० साली तिथून निघालेले 'किर्लोस्कर खबर' पुढे मराठी घराघरांत गेले. पुढे १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था निघाल्या. पहिलीला एम. आय. टी. चे साहाय्य, दुसरीला हार्वर्डचे. ठेचेऐवजी पुस्तकातून शिकण्याची सोय झाली.

मी मात्र ठेचेतूनच शिकलो. तरुणपणी एका कारखान्यात मी एक पंप तयार केला. चाचणीत तो असा चालला की मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली. जमाखर्चाच्या कारकुनाने एकच विचारले, "साहेब, एक नग केवढ्याला पडतो?" मी धातूचे वजन आणि मजुरी सांगितली. ओतताना वाया गेलेला माल, गोदामात पडून राहिलेले नग, कर्जावरचे व्याज, यांतले काही माझ्या ध्यानीही नव्हते. वर्षभर आम्ही प्रत्येक पंप तोट्यात विकला आणि आनंदात राहिलो! मग ते खाते बंद झाले. माझी बदली झाली. पण ज्या म्हाताऱ्या मोल्डरने माझ्या चुका आपल्या हाताने दुरुस्त केल्या होत्या, तो घरी गेला. जाताना मला म्हणाला, "पंप चांगला होता, साहेब." ते शब्द आजही बोचतात.

भाच्याला मी हेच सांगितले: "पगार वाढावा म्हणून जात असशील तर त्यात पाप नाही, पण तेवढ्यासाठीच जाऊ नकोस. यंत्राला कंटाळून तर मुळीच जाऊ नकोस. भट्टी आणि वही यांच्यामध्ये उभा राहण्यासाठी जा, आणि फावड्याचा हिशेब करताना फावडे धरणारा हात विसरू नकोस."

भाऊजी गप्प बसले. जूनमध्ये भाचा गेला. मध्यंतरी त्याचा फोन आला: जमाखर्चाच्या पहिल्या परीक्षेत जेमतेम पास! भाऊजींनीच मला ही बातमी दिली. आणि आश्चर्य म्हणजे, ते प्रसन्न होते.

"ऐकलंत का," ते म्हणाले, "दुकानदारी वाटते तेवढी सोपी दिसत नाही हो!"