चोपणावरची काळी खपली आणि बनारसची ऊसर जमीन



ओढ्याकडेला आमचा वीस गुंठ्यांचा चोपण तुकडा आहे. उन्हाळ्यात त्याच्यावर काळे, कागदासारखे पापुद्रे पडलेले असतात. पायाखाली कुरकुरतात. बघणारा म्हणतो, जमीन जळाली. गेल्या आठवड्यात वळवाची एक सर आली आणि तासाभरात तेच पापुद्रे फुगून मेंदीच्या रंगाचे, बुळबुळीत झाले. म्हणजे ते जळलेलं नव्हतं, झोपलेलं होतं. त्याचं नाव नोस्टॉक. आपण ज्याला निळं-हिरवं शेवाळ म्हणतो त्यातला हा एक प्रकार. शास्त्रज्ञ आता त्याला शेवाळात न धरता जिवाणूंत धरतात.

आधी एक घोळ मिटवू. पेरणीनंतर जोराचा पाऊस झाला आणि वर ऊन पडलं की जमीन खपली धरते, मोड वर येत नाही. ती खपली निर्जीव. थेंबांच्या माराने ढेकूळ फुटतं, बारीक माती छिद्रांत बसते आणि वाळून कडक होते. ती फोडावीच लागते. मी लिहितोय ती दुसरी, जिवंत खपली. तिला माणसाने कधी ओळखलं, याची ही गोष्ट.

१८८३ साली इंडोनेशियातल्या क्राकाताऊ बेटावर ज्वालामुखी फुटला आणि उरलेलं बेट राखेखाली गाडलं गेलं. तीन वर्षांनी जावामधल्या वनस्पती उद्यानाचे डच संचालक मेल्शिओर ट्रॉइब तिथे गेले. राखेवर नेचे उगवले होते. आणि नेच्यांच्या आधी राखेवर निळ्या-हिरव्या शेवाळाचा पातळ थर बसला होता. ट्रॉइब यांनी मांडलं की या थराने राख धरली, ओल धरली, म्हणून नेचे रुजले. म्हणजे ज्याला आपण घाण म्हणून खरवडतो, ते नव्या जमिनीचं पहिलं पीक असू शकतं.

हा जीव चिवट किती, तर १९४१ मध्ये अमेरिकेत चार्ल्स लिपमन यांनी ८७ वर्षं कागदावर वाळवून ठेवलेला नोस्टॉकचा नमुना ओला केला आणि तो पुन्हा वाढला.

आपल्या देशातला धागा भातखाचरातून सुरू होतो. बंगालची भातशेती वर्षानुवर्षं फारसं खत न घालता पीक देत होती. मग नत्र येतं कुठून? पी. के. डे यांनी तिथल्या मातीवर काम केलं आणि १९३९ मध्ये निष्कर्ष छापला: पाणी साचलेल्या खाचरात हवेतलं नत्र धरण्याचं मुख्य काम निळं-हिरवं शेवाळ करतं. आज आपण भातात शेवाळाचं जैविक खत टाकतो, त्याची मुळं या कामात आहेत.

पुढचं पाऊल बनारस हिंदू विद्यापीठातल्या आर. एन. सिंग यांचं. उत्तर प्रदेशात ऊसर जमिनी अफाट. सोडियममुळे माती चिकट, पाणी मुरत नाही, वर पांढरी रेह फुटते. आपल्या चोपणाचीच भावकी. गवतही धड येत नाही अशा जागी पावसाळ्यात नोस्टॉकची चादर पसरलेली सिंग यांना दिसली. त्यांनी विचार उलटा केला. इथे काय येत नाही हे बघण्यापेक्षा जे येतंय त्यालाच कामाला लावू. बांध घालून पावसाचं पाणी अडवलं, शेवाळ वाढू दिलं आणि काही हंगाम हेच केलं. सामू उतरला, सेंद्रिय पदार्थ आणि नत्र वाढलं, भात लावता आला. १९५० मध्ये हे ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आलं. खपलीचा चिकट द्रव मातीचे कण बांधतो. शेवाळ मेलं-कुजलं की निघणारा कार्बन डायऑक्साइड आणि आम्लं मातीतला चुना थोडा विरघळवतात, मग त्यातलं कॅल्शियम सोडियमला हटवतं, असा त्यामागचा हिशोब.

इथे गोष्ट संपली असती तर मीही उद्याच बांध घालून मोकळा झालो असतो. पण पुढच्या संशोधकांनी शंका काढल्या, आणि त्या रास्त आहेत. पाणी अडवलं की क्षार आपोआपही धुऊन खाली जातात. मग सुधारणेतला वाटा पाण्याचा किती आणि शेवाळाचा किती? शिवाय शेवाळाचं काम वरच्या पातळ थरापुरतं. त्याने शोषलेलं सोडियम ते कुजल्यावर परत मातीतच येतं. कर्नालला १९६९ मध्ये केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था उभी राहिली. पुढे उत्तरेत लाखो हेक्टर जमीन सुधारली ती मुख्यतः जिप्सम, पाण्याचा निचरा आणि भात या वाटेने. शेवाळ मदतनीस ठरलं, कारभारी नाही.

म्हणून सिंग चुकले असं मी म्हणणार नाही. पडीक म्हणून सोडलेल्या जमिनीत जीव आहे, हे त्यांनी दाखवलं. कोरड्या मुलुखात तर या खपलीचं मोल फार मोठं. तिथे शेवाळ, दगडफूल आणि मॉस मिळून वाळू बांधतात, वाऱ्याने माती उडू देत नाहीत. अमेरिकेत युटाहच्या राष्ट्रीय उद्यानांत या खपलीवर पाय देऊ नका, असं लोकांना बजावलं जातं. कारण एक पाऊल पडलं की ती भरून यायला वर्षं लागतात, कधी दशकं.

आता माझ्या वीस गुंठ्यांचं. आपली काळी, खोल जमीन आहे. इथे निचरा नसताना पाणी कोंडलं तर पाणीपातळी वर येईल आणि मीठफुटी वाढेल. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात जादा पाण्याने काय झालं ते आपण बघतोच आहोत. म्हणून बनारसची नक्कल करणार नाही. आधी माती परीक्षण, मग चर काढून निचरा, अहवालात येईल तेवढंच जिप्सम, आणि पावसाळ्यात ताग नाहीतर धैंचा गाडायचा. पण बांध आणि ओढ्याची उतरण आहे तशीच ठेवणार. तिथली काळी खपली यंदा खरवडायची नाही, तणनाशक मारायचं नाही, जनावरंही फिरवायची नाहीत. उतरणीची माती दरवर्षी ओढ्यात जाते. ती यंदा किती थांबते ते दसऱ्याला इथेच लिहीन.

तुमच्या रानात अशी खपली असेल तर पहिल्या पावसाआधी आणि नंतर एकेक फोटो काढून ठेवा. खाली चोपण आहे की मुरूम, तेवढं मात्र नक्की लिहा.