कियाईसमोरचे आसन: जावातील पेसान्त्रेन आणि पडद्यावरचा पाठ

जावा बेटावरील इस्लामी शिक्षणाची परंपरागत संस्था म्हणजे पेसान्त्रेन, अर्थात कियाई (धर्मगुरू) आणि सान्त्री (विद्यार्थी) एकाच आवारात राहतात अशी निवासी पाठशाळा. तेथे शिकवल्या जाणाऱ्या अरबी ग्रंथांना त्यांच्या पिवळसर कागदावरून ‘किताब कुनिंग’, म्हणजे पिवळे ग्रंथ, हे नाव पडले. त्यांतील झर्नुजीच्या ‘तालीमुल मुतअल्लिम’ या ग्रंथात गुरूपुढे कसे बसावे, कधी बोलावे आणि ग्रंथ कसा हाताळावा इथपर्यंतचे नियम आहेत, कारण ‘अदब’ म्हणजे सदाचाराची शिस्त ही विद्येचीच पहिली पायरी मानली गेली. 1899 मध्ये तेबुइरेंग येथे पेसान्त्रेन स्थापणाऱ्या आणि पुढे 1926 मध्ये ‘नहदलातुल उलमा’ या संघटनेच्या स्थापनेत अग्रभागी असलेल्या हाशिम अशअरी यांनीही गुरुशिष्यांच्या आचरणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

या पाठशाळांत अध्यापनाच्या दोन पद्धती रूढ झाल्या. ‘बांदोंगान’मध्ये कियाई ग्रंथ वाचून त्याचा जावानीज भाषेत अर्थ सांगतात आणि शेकडो सान्त्री तो आपापल्या प्रतीत ओळींच्या मध्ये उतरवून घेतात, ‘सोरोगान’मध्ये मात्र एकेक सान्त्री कियाईसमोर बसून स्वतः वाचतो आणि चुकला की तिथेच थांबवला जातो. पहिल्या पद्धतीत गुरूचा आवाज पुरतो, दुसरीत गुरूची नजर लागते. नव्या साधनांनी या परंपरेत काय बदलले हे समजण्यासाठी हाच भेद मोलाचा आहे.

पहिले नवे साधन म्हणजे छपाई, आणि तिचा एक धागा मुंबईशी जुळतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या शिळाप्रेसांतून छापलेले धर्मग्रंथ आग्नेय आशियाच्या बाजारात जात असत; ठळक, जाड अक्षरांची कुराणप्रत इंडोनेशियात अजूनही ‘मुंबई कुराण’ म्हणून ओळखली जाते, आणि 1984 साली तेथील सरकारने प्रमाण ठरवलेली उस्मानी लेखनाची प्रत याच वळणावर बेतलेली आहे. ग्रंथ स्वस्त झाला तरी गुरूची गरज सरली नाही, कारण छापील पानावर अर्थ उतरवून घ्यायला बांदोंगानला बसावेच लागे. पुढे रेडिओ आणि ध्वनिफीत आली. त्यांनी प्रवचन घरोघर नेले, अध्ययन नव्हे.

इंटरनेटने मात्र अध्ययनालाच हात घातला. नहदलातुल उलमाच्या परंपरेत वाढलेले विचारवंत उलिल अब्शार अब्दल्ला यांनी इमाम गझालींच्या ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथाचे वाचन फेसबुकवरून थेट सुरू केले, आणि 2020 च्या रमजानमध्ये साथीमुळे सान्त्री घरी परतलेले असताना अनेक पेसान्त्रेनांनी रमजानचे पारंपरिक ग्रंथवाचन पडद्यावर आणले. हे इतक्या सहजपणे घडले याचे नवल वाटायला नको, कारण एकाने वाचावे आणि अनेकांनी ऐकावे ही बांदोंगानची रचना मुळातच प्रक्षेपणासारखी आहे. गझालींचा ग्रंथ अंतःकरणशुद्धीचा आहे हे खरे, पण पडद्यापलीकडचा तरुण तो कसा आचरतो हे वाचणाऱ्याला दिसत नाही. सोरोगानची ती बाजू, आणि पहाटेच्या नमाजापासून रात्रीच्या पाठापर्यंतच्या सहवासातून घडणारे वळण, अद्याप कोणत्याही माध्यमाला पेलता आलेले नाही. अनेक पेसान्त्रेन आपले पाठ यूट्यूबवर देतात आणि आवारातल्या सान्त्रींना मोबाइल वापरू देत नाहीत. वरकरणी विसंगत वाटणारी ही भूमिका या दृष्टीने सुसंगतच आहे.

सहवासाचे हेच महत्त्व कायद्यातही दिसते. इंडोनेशियाच्या संसदेने 2019 मध्ये केलेल्या 18 क्रमांकाच्या पेसान्त्रेनविषयक कायद्यात पेसान्त्रेनचे पाच घटक सांगितले आहेत: कियाई, आवारात मुक्कामी राहणारे सान्त्री, वसतिगृह, मशीद किंवा प्रार्थनागृह, आणि किताब कुनिंगचे किंवा ठरावीक पद्धतीने इस्लामी विद्यांचे अध्ययन.