युलियस हिर्श : यादींतून गाळलेला एक जर्मन फुटबॉलपटु

यादींत नांव सांपडत नाहीं म्हणून ती व्यक्ति झालीच नाहीं असें अनुमान काढणें किती धोक्याचें आहे, हें जुन्या दप्तरांत वावरणाऱ्या आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. शकावल्यांतून व वंशावळींतून हेतुपुरस्सर गाळलेलीं नांवें त्यांच्या नित्य पाहण्यांत आहेत. त्याच जातीचें, पण छापील व बरेंच अलीकडील, एक उदाहरण आम्ही येथें देत आहों.

जर्मनींतील 'किकर' या क्रीडापत्रानें १९३९ सालीं देशाच्या राष्ट्रीय फुटबॉल संघांतून खेळलेल्या खेळाडूंचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. त्यांत युलियस हिर्श व गॉटफ्रीड फुक्स हीं दोन नांवें नाहींत. दोघेही ज्यू होते. पैकीं फुक्स यानें १ जुलै १९१२ रोजीं स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्यें रशियाविरुद्ध एकट्यानें १० गोल केले होते व जर्मनीनें तो सामना १६-० असा जिंकला होता. असा मनुष्य नजरचुकीनें राहून जाणें शक्य नाहीं. विशेष हें कीं, १९२० सालीं 'किकर' स्थापन करणारा वॉल्टर बेन्सेमान स्वतः ज्यू होता, आणि हिर्श व फुक्स ज्या कार्ल्सरूहे क्लबाकडून खेळले, त्याची १८९१ मधील स्थापनाही त्याचीच. तो १९३३ सालीं स्वित्झर्लंडांत गेला व पुढील वर्षीं तेथेंच वारला.

हिर्शचा जन्म ७ एप्रिल १८९२ रोजीं बाडेन प्रांतांतील आखेर्न येथें एका व्यापाऱ्याच्या घरीं झाला. दहाव्या वर्षीं तो क्लबांत शिरला. १९१० सालीं क्लबानें जर्मनीचें अजिंक्यपद मिळविलें तेव्हां तो संघांत होता. खेळाबद्दल वेतन घेणें तेव्हां जर्मन फुटबॉल संघटनेस मान्य नसे. २४ मार्च १९१२ रोजीं झ्वोले येथें हॉलंडशीं ५-५ असा बरोबरींत सुटलेल्या सामन्यांत त्यानें ४ गोल केले. राष्ट्रीय संघाकडून तो एकंदर ७ सामने खेळला. त्याच्या नांवावर असलेले सर्व गोल त्या एकाच दिवसाचे. हे सामने परकीय संघांशीं झालेले असल्यामुळें त्यांच्या नोंदी प्रतिपक्षाकडेही राहिल्या. एकानें आपलें दप्तर 'शुद्ध' केलें तरी दुसऱ्याचें त्याच्या हातीं नसतें! १९१४ सालीं फ्यूर्थ क्लबाकडून त्यास दुसरें अजिंक्यपद मिळालें. महायुद्धांत चार वर्षें सैन्यांत राहून त्यानें 'आयर्न क्रॉस' मिळविला. त्याचा भाऊ लिओपोल्ड त्याच युद्धांत कामास आला.

९ एप्रिल १९३३ रोजीं दक्षिण जर्मनींतील १४ प्रमुख क्लबांनीं ज्यूंस क्रीडासंस्थांतून दूर करण्यास आपली संमति जाहीर केली. त्यांत कार्ल्सरूहेचा क्लबही होता. तें वर्तमानपत्रांत वाचून हिर्शनें १० तारखेस क्लबास पत्र लिहिलें. १९०२ पासूनच्या सभासदत्वाचा राजीनामा जड अंतःकरणानें देतांना, जर्मन राष्ट्रासाठीं रक्त सांडलेले ज्यूही आहेत, याची आठवण त्यानें करून दिली. आमच्या मतें या कागदाचें मोल मोठें आहे. 'सभासदानें राजीनामा दिला' एवढेंच जो टिपील, त्यास ती गोष्ट खुषीची वाटेल. पत्राची तारीख आदल्या दिवसाच्या जाहीरनाम्याशेजारीं ठेवली म्हणजे सक्ति उघड होते.

त्याची पत्नी ख्रिस्ती होती. तिचें व मुलांचें रक्षण व्हावें म्हणून त्यानें १९३९ सालीं घटस्फोट घेतला; पण मिश्र विवाहामुळें स्वतःस मिळणारें थोडेंबहुत संरक्षण त्यामुळें गेलें. १ मार्च १९४३ रोजीं कार्ल्सरूहेहून त्यास आउश्वित्सच्या छावणीकडे रवाना करण्यांत आलें. वाटेंतून मुलीच्या वाढदिवसानिमित्त त्यानें धाडलेल्या कार्डावर डॉर्टमुंडचा ३ मार्चचा शिक्का आहे. घरच्यांस मिळालेला त्याच्या हातचा हा शेवटचा कागद. फुक्स मात्र देश सोडून कॅनडांत पोंचला व वांचला.

हिर्शच्या नांवानें जर्मन फुटबॉल संघटना २००५ पासून पारितोषिक देत आली आहे. त्याच्या मृत्यूची तारीख कोठें कोठें ८ मे १९४५ अशी छापलेली आढळते. टिपण करणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, ती कार्ल्सरूहे येथील न्यायालयानें १९५० सालीं कायद्याच्या सोयीसाठीं ठरविलेली तारीख आहे. आउश्वित्सची छावणी त्यापूर्वींच, २७ जानेवारी १९४५ रोजीं, मोकळी झाली होती.