तत्पर आज्ञापालन : संत फ्रान्सिस झेवियर यांचा कित्ता



पेणच्या खारपट्टीत राहणाऱ्यास बांधाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. उधाणाच्या भरतीने बांधास खांड पडली, म्हणजे ‘उद्या पाहू’ असे कोणी म्हणत नाही. ती वेळीच बुजविली तर थोड्या मातीने काम भागते. विलंब झाला तर खारे पाणी शेतात शिरून जमीन नापीक होते. पोटाच्या अन्नासाठी आपण जी तत्परता दाखवितो, ती देवाच्या आज्ञेविषयी दाखवितो काय? ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी हा प्रश्न स्वतःस विचारणे उचित होय.

या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपल्या जीवनाने दिले, त्यांचे पाय आपल्याच किनाऱ्यास लागले आहेत. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका नदी रेवदंडा व कोर्लई यांच्यामध्ये समुद्रास मिळते. तिच्या मुखाशीच पोर्तुगीजांचे चौल ठाणे होते. वसईस जाताना संत फ्रान्सिस झेवियर या चौलास आले होते, आणि त्यांच्या नावाचे लहानसे प्रार्थनामंदिर रेवदंड्याच्या कोटात आजही दाखविले जाते.

हे संत हिंदुस्थानात आले कसे? पोर्तुगालचे राजे तिसरे जॉन यांनी येथील कार्यासाठी धर्मगुरू मागितले, तेव्हा संत इग्नेशियस यांनी रॉड्रिग्ज व बोबादिया या दोघांस नेमले. झेवियर यांचे नाव त्यांत नव्हते. परंतु १५४० च्या मार्च महिन्यात बोबादिया आजारी होऊन रोमेस परतले, आणि राजाचे वकील तर निघण्याच्या बेतात होते. स्वतः रुग्णशय्येवर असलेल्या इग्नेशियसांनी झेवियरांस बोलावून ही अडचण सांगितली. झेवियरांनी मुदत मागितली नाही. आपण सिद्ध आहोत, एवढेच ते म्हणाले. जुनी वस्त्रे टाके घालून नीट केली, परमगुरुस्वामी तिसरे पॉल यांचा आशीर्वाद घेतला, आणि एक-दोन दिवसांतच रोम सोडले. येशूसंघास लेखी मान्यता त्यानंतर, २७ सप्टेंबर १५४० रोजी मिळाली. ७ एप्रिल १५४१ रोजी त्यांनी लिस्बन सोडले, आणि तेरा महिन्यांनी, ६ मे १५४२ रोजी, ते गोव्यास पोहोचले. इग्नेशियसांची व त्यांची या जगात पुन्हा भेट झाली नाही.

तथापि तत्परता म्हणजे उतावीळपणा नव्हे. १५४५ साली पूर्वेकडील बेटांस जावे किंवा कसे, हे झेवियरांस उमगेना. तेव्हा मैलापूर येथे संत थॉमस यांच्या कबरीपाशी ते सुमारे चार महिने राहिले, प्रार्थना केली, आणि देवाची इच्छा कळल्यावर ते मलाक्केस निघाले. देवाची इच्छा अज्ञात असता त्यांनी प्रार्थनेत वेळ घालविला. ती ज्ञात झाल्यावर मागेपुढे पाहिले नाही. आपली रीत बहुधा याच्या उलट असते. जे करावयाचे ते आपणांस पुरते ठाऊक असते, आणि विलंबास मात्र आपण ‘विचार’ असे भारदस्त नाव देतो.

३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या दाराशी, सांचियन बेटावर, झेवियरांनी देह ठेवला. ही वार्ता ठाऊक नसल्यामुळे इग्नेशियसांनी जून १५५३ मध्ये त्यांस युरोपास परत बोलाविणारे पत्र लिहिले. त्यापूर्वीच अधिक थोर धन्याची हाक आली होती, आणि तीही त्यांनी पाळली होती.

१७४० साली चौल मराठ्यांच्या हाती आले. पोर्तुगीजांची सत्ता गेली. तरी कोर्लईचे ख्रिस्ती कुटुंबीय आपल्या श्रद्धेसह आणि आपल्या निराळ्या बोलीसह आजतागायत तेथे नांदत आहेत. कोट ढासळला, श्रद्धा टिकली.

भाविकहो, आपणांपैकी फारच थोड्यांस समुद्रापार जाण्याची आज्ञा होईल. आपली आज्ञा घराच्या उंबरठ्याशीच असते. शेताच्या बांधावरून भावाशी अबोला आहे, तो मोडावयाचा आहे. दुसऱ्याचे आपल्याकडे राहिलेले परत करावयाचे आहे. अंथरुणास खिळलेल्या वडिलांसाठी अंतिम संस्कारास धर्मगुरूंस शुद्ध असतानाच बोलवावयाचे आहे. ‘उद्या’ म्हटल्याने किती घरी हे राहून गेले, ते या सेवेत असलेल्या प्रत्येक धर्मगुरूस ठाऊक आहे. खांड लहान आहे तोवरच बुजवावी. देव आपणांस ती तत्परता देवो.