आधी हक्क, मग हस्तांदोलन : पालवणकर बंधूंच्या क्रिकेटचा धडा

"खेळ माणसं जोडतो." भात कापून शेतं मोकळी झाली की आपल्या कर्जत-खालापूर पट्ट्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात, आणि उद्घाटनाला आलेला पुढारी माईक हातात घेऊन हेच वाक्य म्हणतो. मैदानात जात नसते, धर्म नसतो, सगळे फक्त खेळाडू असतात, असं तो सांगतो. टाळ्या पडतात.

हे खरं आहे का? आणि असेल, तर किती? याचं उत्तर भाषणात सापडणार नाही, इतिहासात सापडेल. तो इतिहास आपल्याच माणसांचा आहे, पण आपल्यापर्यंत तो अर्धाच पोचवला गेला.

बाळू पालवणकर हे नाव चळवळीतल्या बहुतेक तरुणांना एकाच कारणाने माहीत असतं. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध उभा केलेला उमेदवार, एवढीच त्यांची ओळख. तेवढं सांगून आपण पान उलटतो. त्या पानाच्या मागे काय आहे, ते आज वाचू.

चेंडू चालतो, कप चालत नाही

बाळूंचा जन्म १८७६ चा, चांभार समाजातला. वडील लष्करात नोकरीला होते. पुण्यात पोरगेल्या वयात बाळू पारशी क्लबात महिना तीन रुपयांवर कामाला लागले. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर गेले. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची, हे त्यांचं काम. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नावाजलेला फलंदाज बाळूंच्या डावऱ्या फिरकीवर तासन् तास सराव करी. बाळूंच्या हातात बॅट मात्र कोणी दिली नाही. नोकराने चेंडू टाकायचा आणि साहेबाने मारायचा, अशी वाटणी होती.

मग पुण्यातल्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायची इच्छा झाली. या गोलंदाजाला घ्यावं की नाही यावरून वाद झाला. शेवटी घेतलं, कारण बळी मिळवून देणारा दुसरा कोणी नव्हता. मैदानात बाळूंनी हाताळलेला चेंडू सगळे हातात घेत. चहाची वेळ झाली की इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये कपातून चहा पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचं ताटही वेगळं, बसायची जागाही वेगळी.

बाबासाहेबांनी ज्याला जातिव्यवस्था म्हटलं, ती इथे एका दुपारच्या सामन्यात उघडी दिसते. श्रम हवेत, कौशल्य हवं, विजय हवा. माणूस नको.

'हिंदू' कोण? गरज पडेल तो!

१८९६ च्या प्लेगनंतर पालवणकर कुटुंब मुंबईला आलं. पुणे-मुंबई रेल्वे तेव्हाही बोरघाट उतरून आपल्या कर्जतवरूनच जात होती. मुंबईत बाळूंना रेल्वेत नोकरी आणि हिंदू जिमखान्याच्या संघात जागा मिळाली. पंगतीचा निर्बंधही इथे सैल झाला, हे मान्य केलं पाहिजे.

फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. त्या सामन्यात बाळूंनी आठ बळी घेतले. स्वदेशीच्या चळवळीचे ते दिवस, त्यामुळे देशभर आनंद झाला. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्यात हिंदू, मुसलमान, पारशी असे सगळे होते. आज आपण ज्याला 'टीम इंडिया' म्हणतो तिची ही सुरुवात. त्या दौऱ्यात बाळूंनी एकूण ११४ बळी घेतले. भाऊ शिवरामही संघात होते. म्हणजे या देशाच्या पहिल्या राष्ट्रीय संघात दोन अस्पृश्य होते आणि संघाचा सर्वात मोठा गोलंदाज त्यांच्यापैकी एक होता.

तरीही हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंना कधी मिळालं नाही. १९१३ मध्ये ते एम. डी. पै यांना मिळालं, आणि हा मान बाळूंचा होता असं खुद्द पै यांनीच बोलून दाखवलं. १९२० मध्ये बाळूंना संघातून वगळलं आणि पै आजारी असताना कर्णधारपद विठ्ठल पालवणकरांना डावलून दि. ब. देवधरांना दिलं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि कारण जाहीरपणे सांगितलं. हा क्रिकेटमधला बहिष्कार होता, आणि तो महाडच्या सात वर्षं आधी झाला! त्याचा परिणामही झाला. अंतिम सामन्यासाठी भावांना परत बोलावलं, बाळू उपकर्णधार झाले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्यांच्या संघाने युरोपियनांना हरवलं आणि लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं.

मित्रांनो, १९२३ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. चार वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले. महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. पाणी प्यायलेल्या माणसांची डोकी फोडली गेली आणि तळ्याचं शुद्धीकरण झालं.

मुंबईत अस्पृश्य कर्णधाराला खांद्यावर घेणारा समाज महाडमध्ये ओंजळभर पाणी देत नव्हता. खेळातल्या एकोप्याचं मोजमाप करायचं तर इथे करा.

मग बाळू चुकले का?

१९३२ मध्ये बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूने राहिले, आणि पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३७ मध्ये मुंबईतल्या राखीव जागेवर ते काँग्रेसतर्फे बाबासाहेबांसमोर उभे राहिले. बाबासाहेबांना १३,२४५ मतं मिळाली, बाळूंना ११,२२५. फरक फक्त २,०२० मतांचा. जागा राखीव होती, पण मतदार सगळ्या जातींचे होते. संयुक्त मतदारसंघात आपल्याविरुद्ध आपलाच माणूस कसा उभा करता येतो, हे त्या निकालाने दाखवलं.

पण म्हणून बाळूंना गद्दार म्हणणं हा आळशीपणा आहे. मातीच्या भांड्यापासून एकत्र पंगतीपर्यंतचा प्रवास त्यांनी स्वतः केला होता. गुणवत्ता दाखवली की मनं बदलतात, हा त्यांचा अनुभव होता. पण तो हजारात एका गोलंदाजाचा अनुभव होता. ज्याला फिरकी टाकता येत नाही, त्या ढोरं ओढणाऱ्या आणि वेठबिगारी करणाऱ्या माणसाचं काय? त्याने कुठे आठ बळी घ्यायचे? बाबासाहेबांचं राजकारण या माणसासाठी होतं. हक्क हे बक्षीस नसतं, ते कामगिरी दाखवून मिळवायचं नसतं.

दक्षिण आफ्रिकेकडे पाहा. २४ जून १९९५ ला नेल्सन मंडेलांनी रग्बी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गोऱ्यांच्या लाडक्या संघाची जर्सी घातली. तो फोटो जगभर गेला. आपल्याकडेही तो 'क्षमेचं प्रतीक' म्हणून फिरवला जातो. पण क्रम विसरू नका. १९९४ मध्ये काळ्या माणसाला मताचा अधिकार मिळाला, सत्ता मिळाली, आणि त्यानंतर मंडेला जर्सी घालून मैदानात आले. हात पुढे केला तो राष्ट्राध्यक्षाने, पॅव्हेलियनबाहेर उभ्या केलेल्या नोकराने नाही. तरीही त्या संघात चेस्टर विल्यम्स हा एकच गौरेतर खेळाडू होता. काळा कर्णधार, सिया कोलिसी, यायला २०१८ उजाडलं. मधल्या काळात संघात काळ्या खेळाडूंच्या प्रमाणाची लक्ष्यं ठरवावी लागली. 'गुणवत्ता मरेल' अशी ओरड तिथेही झाली. कोलिसीच्या संघाने २०१९ आणि २०२३ चे विश्वचषक जिंकले.

आपल्या मैदानात

आता पुन्हा आपल्या पट्ट्यात या. इथल्या स्पर्धांच्या पत्रकांवर 'एक गाव एक संघ' असा नियम छापलेला असतो. नियम चांगला आहे. पण गाव म्हणजे कोण? त्यात बौद्धवाडी येते का? कातकरीवाडी, ठाकूरवाडी येते का? जिंकून देणारा गोलंदाज वाडीतला असतो तेव्हा संघ 'गावाचा' होतो. मग देवळाच्या सभामंडपात, गावकीच्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीत ते गाव कुठे जातं?

म्हणून स्पर्धांवर बहिष्कार टाका असं मी म्हणत नाही. उलट जास्त खेळा, आणि तीन गोष्टींचा आग्रह धरा. आयोजन समितीत आणि हिशेबाच्या वहीत आपलं नाव हवं, फक्त खेळाडूंच्या यादीत नको. कर्णधार निवडताना विठ्ठल-शिवरामांनी १९२० मध्ये जे केलं ते आठवा. आणि भीमजयंतीच्या स्पर्धा आपण भरवतो तेव्हा आपल्याच चार वाड्यांना बोलावून थांबू नका. कातकरी पोरांना बोलावा, मुसलमान मोहल्ल्यातल्या पोरांना, आगरी-मराठा पोरांना बोलावा, मुलींचे कबड्डीचे सामने ठेवा. यजमान आपण असू, पाण्याचा माठ एकच असेल आणि त्यातून सगळे पितील.

खेळ माणसं जोडतो, पण दोघेही बरोबरीने उभे असतील तर. ती बरोबरी मैदान देत नाही. ती मैदानाबाहेर लढून मिळवावी लागते, आणि मग मैदानात टिकवावी लागते.

जय भीम!