कान फसतो, काटा नाही
पिंपरीतला टेल्कोचा कारखाना १९६६ सालचा. वाहनांची परीक्षा घेणारी पुण्याची ‘एआरएआय’ ही संस्थाही त्याच वर्षीची. गाडी घडवणे आणि गाडी मोजणे, ही आमच्याकडची जुळी भावंडे. १९९८ मध्ये पिंपरीची इंडिका लोकांपुढे आली. तिचे १४०५ सीसीचे इंजिन मिनिटाला ५००० फेऱ्यांवर सुमारे साडेतीन हजार लिटर हवा ओढू शकते. माझ्या भाच्याने तिला उघडा एअर फिल्टर बसवला. “मामा, आवाज ऐका, ताकद वाढली!” मी त्याला डायनामोमीटरवर नेले. जुना फिल्टर, मग नवा; दोन्ही मोजले. अश्वशक्ती उलट थोडी घटली होती. बॉनेटखालची गरम, विरळ हवा आत जात होती. जुना फिल्टर त्याने स्वतःच परत चढवला.