साठ मीटर धावणे, महिलांचे (अंतर्गृही)

साठ मीटर धावणे, महिलांचे : बंदिस्त क्रीडागृहात सरळ धावमार्गावर घेतली जाणारी अतिजलद धावण्याची शर्यत. जागतिक अंतर्गृही अजिंक्यपद स्पर्धेतील ही सर्वांत कमी अंतराची शर्यत होय. उघड्या मैदानावरील १०० मी. शर्यतीचे हे केवळ लहान रूप नव्हे. १०० मी. शर्यतीत धावपटू सामान्यतः पन्नास ते साठ मीटरांच्या सुमारास आपला कमाल वेग गाठते आणि शेवटच्या टप्प्यात तो वेग टिकविण्याची तिची कसोटी लागते. साठ मीटरांत हा अखेरचा टप्पा येतच नाही. त्यामुळे इशारा मिळताच निसटण्याची चपळाई व वेग वाढविण्याची क्षमता यांवरच जय-पराजय ठरतो. क्रीडागृहात वाऱ्याची मदत वा अडथळा नसल्याने निरनिराळ्या ठिकाणी नोंदलेल्या वेळांची तुलना करणेही सोपे जाते. अंतिम रेषेपलीकडे जागा अपुरी असते. म्हणून धावपटूंना थोपविण्यासाठी तेथे जाड गाद्या उभारलेल्या असतात.

यूरोप व उत्तर अमेरिका येथील कडक हिवाळ्यात उघड्या मैदानांचा उपयोग होत नाही. या गरजेतून अंतर्गृही शर्यती सुरू झाल्या. यूरोपीय अंतर्गृही स्पर्धा १९६६ मध्ये डॉर्टमुंट येथे प्रथम भरल्या व १९७० पासून त्यांना अजिंक्यपदाचा दर्जा मिळाला. सुरुवातीच्या काळात यजमान क्रीडागृहाच्या लांबीनुसार काही वर्षी ६० मी.ऐवजी ५० मी. अंतर धावले जाई. जागतिक पातळीवरील पहिल्या अंतर्गृही स्पर्धा जानेवारी १९८५ मध्ये पॅरिस येथे झाल्या. त्यांत पूर्व जर्मनीच्या सिल्के ग्लाडिशने ७·२० से. वेळ देऊन ही शर्यत जिंकली. पुढील स्पर्धा १९८७ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे ‘जागतिक अजिंक्यपद’ या नावाने भरली.

इंडियानापोलिसची विजेती नेली कूमन ही सुरिनाममधील पारामारिबो येथे जन्मलेली नेदर्लंड्सची धावपटू. १९८६ मध्ये माद्रिद येथे तिने ७·०० से. हा जागतिक उच्चांक नोंदविला होता. १९८७ (७·०८ से.) व १९८९ (७·०५ से.) अशा दोन्ही जागतिक स्पर्धा तिने जिंकल्या, तर यूरोपीय अंतर्गृही विजेतेपद सहा वेळा मिळविले. १९८७ मध्ये कॅनडाची अँजेला इसाजेंको दुसरी आली होती. १९८९ मध्ये कॅनडातील चौकशी आयोगापुढे तिने उत्तेजक द्रव्ये घेतल्याची कबुली दिली व तिचा हा क्रमांक रद्द झाला. धावमार्गावर लागलेला निकाल अंतिम असतोच असे नाही, ही जाणीव तेव्हापासून या शर्यतीच्या इतिहासाला चिकटून राहिली आहे.

या शर्यतीचा सर्वांत लक्षणीय हंगाम १९९३ चा होय. ११ फेब्रुवारी रोजी माद्रिद येथे रशियाच्या इरिना प्रिव्हालोव्हाने ६·९२ से. हा जागतिक उच्चांक प्रस्थापित केला. महिनाभराने टोराँटो येथील जागतिक स्पर्धेत तिची गाठ अमेरिकेच्या गेल डीव्हर्सशी पडली. डीव्हर्सला अवटू ग्रंथीचा ग्रेव्ह्ज रोग जडला होता. त्यावरील किरणोपचारांनंतर १९९१ मध्ये तिच्या पायांची अवस्था इतकी बिकट झाली, की ते कापावे लागतील असे भय निर्माण झाले. त्यातून सावरून तिने १९९२ च्या बार्सेलोना ऑलिंपिकमध्ये १०० मी. शर्यतीचे सुवर्णपदक मिळविले. टोराँटोला तिने ६·९५ से. वेळ दिली, प्रिव्हालोव्हा ६·९७ से. वेळेसह दुसरी आली. दोघींमधील अंतर जेमतेम वीस सेंटिमीटरांचे होते. डीव्हर्सने हे विजेतेपद १९९७ मध्ये पॅरिसला व २००४ मध्ये बूडापेस्टला पुन्हा मिळविले. तिसऱ्या विजयाच्या वेळी ती सदतीस वर्षांची होती. १९९५ मध्ये बार्सेलोना येथे जिंकणारी जमेकाची मर्लीन ऑटीही चौतीस वर्षांची होती. अतिजलद धावणे हा केवळ कोवळ्या वयाचा खेळ, हा समज या विजयांनी खोटा ठरविला.

प्रिव्हालोव्हाने १९९५ मध्ये माद्रिदलाच आपल्या उच्चांकाची बरोबरी केली. त्यानंतर २०२३ मध्ये अमेरिकेची अलीया हॉब्ज व सेंट लुसियाची जूलियन ॲल्फ्रेड या दोघींनी समुद्रसपाटीपासून उंचावरील ॲल्बकर्की येथे ६·९४ से. वेळ नोंदविली, परंतु उच्चांक अबाधित राहिला.

नियमांतही बदल होत गेले. इशाऱ्यानंतर ०·१ से. होण्यापूर्वीची हालचाल ही चुकीची सुरुवात मानतात. २०१० पासून अशा पहिल्याच चुकीला धावपटू बाद ठरते. इतक्या लहान शर्यतीत आरंभी सावध राहणाऱ्या धावपटूला पुढे भरपाईची संधी क्वचितच मिळते. त्यामुळे या नियमाचा ताण येथे सर्वाधिक जाणवतो. वळणावरील आतील मार्गांच्या धावपटूंवर अन्याय होतो, या कारणाने २०० मी. शर्यत २००४ नंतर जागतिक स्पर्धेतून वगळण्यात आली व ६० मी.चे महत्त्व आणखी वाढले.

एकविसाव्या शतकात लहान देशांनाही या शर्यतीने स्थान मिळवून दिले. बहामाची चँड्रा स्टरप २००१ मध्ये विजेती झाली. २०१८ मध्ये बर्मिंगहॅम येथे आयव्हरी कोस्टच्या म्युरिएल आहुरे (६·९७ से.) व मारी-जोझे ता लू यांनी पहिले दोन क्रमांक पटकाविले. २०२४ मध्ये ग्लासगो येथे जिंकणाऱ्या ॲल्फ्रेडने त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मी.चे सुवर्णपदक मिळविले. ते सेंट लुसियाचे पहिले ऑलिंपिक पदक होय. स्वित्झर्लंडची मुजिंगा कांबुंजी २०२२ (बेलग्रेड) व २०२५ (नानजिंग) अशी दोनदा विजेती ठरली.

भारतात हिवाळ्यातही मैदाने वापरता येत असल्याने अंतर्गृही धावमार्गांची उणीव फारशी जाणवली नाही व या प्रकाराचा प्रसार उशिरा झाला. ओडिशाच्या द्युती चंदला शरीरातील संप्रेरकाच्या प्रमाणावरून २०१४ मध्ये स्पर्धांपासून दूर ठेवण्यात आले होते. क्रीडा लवादाने २०१५ मध्ये संबंधित नियम स्थगित केल्यावर ती परतली आणि २०१६ मध्ये दोहा येथील आशियाई अंतर्गृही स्पर्धेत तिने ६० मी.चे कांस्यपदक मिळविले. सात सेकंदांच्या या शर्यतीत कोणाला उभे राहू द्यायचे, हा प्रश्नही तिच्या निकालाइतकाच महत्त्वाचा आहे, हे या प्रकरणाने दाखवून दिले.